काकाचं दुकान आणि डिलीटचं बटण

परवा ऑफिसमधे एका नव्या मुलाने विचारलं, "सर, ग्रिडमधे प्रत्येक ओळीला डिलीटचं बटण का नाही ठेवायचं? फुकट तर मिळतंय." मी त्याला दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि जागेवर येऊन बसलो. पण खरं उत्तर दोन वाक्यांचं नाहीच. ते संगमेश्वरच्या बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानात आहे आणि त्यात चूक माझी आहे. आज शनिवार, बाहेर पाऊस, तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

संगमेश्वर म्हटलं की बहुतेकांना संभाजी महाराज आठवतात. १६८९ साली त्यांना पकडलं ते इथेच, कसब्यात. आम्हा गाववाल्यांना मात्र आधी पाणी आठवतं. शास्त्री आणि सोनवी इथे भेटतात, आणि पावसाळ्यात दोघी एकदम चढल्या की बाजारपेठ बघायला येतात. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, त्याच पावसात काकाच्या दुकानातही पाणी शिरलं. साखरेची पोती गेली त्याचं काकाला एवढं वाटलं नाही. वाटलं ते उधारीच्या वहीचं. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही, दिवाळीला पूजा करून उघडलेली. काकाला शाईच्या पेनाची हौस, ती नडली. अर्ध्याहून जास्त पानं नुसती निळी झाली.

"तू काम्पुटरवाला ना? मंग करून दे कायतरी," काका म्हणाला.

त्या दिवाळीत तीन दिवसांत करून दिलं. दुकानात चुलतभावाचा जुना लॅपटॉप होता, त्यावर वेब-टू-पाय टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे पायथॉनमधलं एक वेब फ्रेमवर्क आहे. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातल्या मास्सिमो दि पिएरो या प्राध्यापकाने मुलांना शिकवायला म्हणून ते केलं आणि २००७ मधे सगळ्यांसाठी खुलं केलं. आता त्याचा धाकटा भाऊ पाय-फोर-वेब आलाय आणि शहाणी माणसं तिकडे गेलीत. पण मला थोरला पाठ होता. झिप फाइल उघडायची, चालू करायचं, डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट आतच. इन्स्टॉलेशनची कटकट नाही. (आणि सुट्टीत नवीन काही शिकायचा कंटाळा, हेही खरं.)

या फ्रेमवर्कचा स्वभावच असा की तुम्ही काही सांगितलं नाहीत तर ते स्वतःच्या मनाने काहीतरी ठीकठाक करतं. एक ओळ लिहायची, एसक्यूएलफॉर्म.ग्रिड, कंसात टेबलचं नाव, की संपला विषय. स्क्रीनवर पूर्ण तक्ता येतो. वर शोधायची चौकट, खाली पानं उलटायची सोय, नवीन नोंद टाकायचं बटण, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला तीन बटणं: व्ह्यू, एडिट, डिलीट. एका ओळीत एवढं सगळं! मी दोन टेबलं केली, गिऱ्हाइकं आणि नोंदी. दोन ग्रिड, दोन ओळी. काकीच्या हातच्या चकल्या खात खात काम झालं आणि मी पुण्याला परत आलो. स्वतःवर खूष वगैरे.

पहिली तक्रार आठवड्यात आली. "ह्यात गावाचं नाव तोडून का टाकलंस?" फोटो मागवला. 'कसबा संगमेश्वर, बाजारपेठ' असं लिहिलेलं, आणि ग्रिडमधे दिसत होतं 'कसबा संगमेश्वर, ब...'. कारण साधं आहे. ग्रिडमधे मजकुराची मर्यादा न सांगता वीस धरलेली असते. त्याहून लांब असेल तर सतरा ठेवून पुढे तीन टिंबं. पण हे वीस म्हणजे आपली अक्षरं नव्हेत. युनिकोडमधे काना वेगळा मोजतात, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, आणि जोडाक्षरातला हलन्तसुद्धा वेगळा. 'संगमेश्वर' आपल्या हिशेबाने पाच अक्षरं, त्याच्या हिशेबाने नऊ. त्यामुळे कात्री 'बा'च्या मधोमध चालली. 'ब' अलीकडे राहिला, काना पलीकडे गेला. मॅक्सटेक्स्टलेंग्थ वाढवून दिला, पाच मिनिटांत काम झालं. हसलो आणि विसरलो. तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं, की न सांगता आणखी काय काय धरलेलं आहे?

आता मुख्य गोष्ट.

काकाकडे कसब्याच्या पलीकडच्या एका वाडीतल्या मावशी माल नेतात. आमच्या भागातली उधारी कशी चालते ते शहरात राहिलेल्यांना सांगायला हवं. मुलगा मुंबईला. पूर्वी त्याची मनीऑर्डर आली की, आता त्याने जीपे केलं की, थोडे थोडे पैसे दुकानात जमा होतात, आणि गणपतीला चाकरमानी घरी आला की उरलेला हिशेब पुरा करून जातो. या मावशींचं नाव ॲपमधे दोनदा पडलं. संध्याकाळी गल्ल्यावर चुलतभाऊ बसतो, त्याने सुरुवातीलाच इंग्रजी स्पेलिंगने नाव घातलेलं. २०२२ च्या फेब्रुवारीत काकाने देवनागरीत शोधलं, मिळालं नाही, म्हणून नवीन खातं उघडलं आणि खिशातल्या डायरीतून मागची बाकी चढवली, ४,६०० रुपये. भाऊ मात्र जुन्याच इंग्रजी खात्यावर जमा करत राहिला. मार्चमधे १,५००, मे महिन्यात १,५००.

जूनमधे काकाच्या लक्षात आलं की एकाच बाईची दोन नावं दिसतायत. "डबल झालंय" म्हणून त्याने इंग्रजीतलं काढून टाकायचं ठरवलं. ओळीच्या टोकाचं बटण दाबलं. स्क्रीनवर प्रश्न आला: आर यू शुअर यू वाँट टू डिलीट धिस ऑब्जेक्ट? काकाने ओके दाबलं. त्याच्या लेखी संगणक इंग्रजीत काहीही विचारतो तेव्हा ओके म्हणायचं असतं. आणि खरं सांगा, तुमच्या आमच्या लेखी तरी काय वेगळं आहे? :) ओळ अलगद नाहीशी झाली. या ग्रिडमधे तर पान पुन्हा उघडतसुद्धा नाही, तेवढी एक ओळ गळून पडते आणि खालच्या वर सरकतात.

काकाला वाटलं आपण एक जादा नाव काढलं. प्रत्यक्षात त्या नावाखालच्या सगळ्या नोंदी गेल्या, दोन्ही जमा धरून. वेब-टू-पायमधे एका टेबलातून दुसऱ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे 'ही नोंद अमुक गिऱ्हाइकाची', की न सांगता धरलेलं असतं ऑनडिलीट = कॅस्केड. मूळ ओळ गेली की तिला लटकलेलं सगळं तिच्याबरोबर जाणार. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. मी वाचलेलंही होतं. इथे जँगोची आठवण येते. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलेलं ते फ्रेमवर्क, २००५ मधे बाहेर आलं. डिलीटची सोय त्याच्या ॲडमिनमधेही फुकट मिळते. पण तिथे पुसण्याआधी एक पूर्ण पान उघडतं आणि याच्याबरोबर आणखी काय काय जाईल त्याची यादी दाखवतं. निदान डोळ्यांसमोर तरी येतं. माझ्या ग्रिडमधे 'ऑब्जेक्ट' एवढाच शब्द होता. तीन हजार रुपयांचा ऑब्जेक्ट.

गणपती त्या वर्षी ३१ ऑगस्टला बसले. गौरी-गणपतींचं विसर्जन झाल्यावर मावशी मुलाला घेऊन दुकानात आल्या. काकाने लॅपटॉप बघून सांगितलं, मागची बाकी ४,६००, नंतरचा माल ६४०, एकूण ५,२४०. मावशी म्हणाल्या, "शेठ, मी दोनदा दिले होते ना? होळीला न् मंग मे महिन्यात?" काकाने पुन्हा पाहिलं. "वयनी, मशीनमधे नाय दिसत."

मला हे वाक्य काकीने नंतर सांगितलं, आणि अजून कधीकधी रात्री आठवतं. वही असती तर काका म्हणाला असता, थांबा बघू, मागची पानं चाळतो. वहीवर त्याचा विश्वास होता पण वही चुकते हेही त्याला माहीत होतं, कारण ती त्याच्याच हातची. मशीन पुण्याच्या पुतण्याने दिलेलं. ते कसं चुकेल? मुलाची परतीची गाडी होती. त्याने आईकडे एकदा पाहिलं, "जाऊ दे गं आये" म्हणाला आणि ५,२४० मोजून दिले. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या आमच्या दुकानात आल्या नाहीत. माल दुसरीकडून न्यायला लागल्या, येता-जाता दुकानाकडे बघेनात. पैसे देऊनही मुलासमोर खोटं पडायला लागलं.. आणि गावात ही गोष्ट लहान नसते.

उलगडा झाला दिवाळीच्या साफसफाईत. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं. त्यावर काकी गॅसचं सिलिंडर कधी लावलं, दुधाचा खाडा कधी झाला, कुणाकडे वाटीभर विरजण दिलं असलं सगळं लिहिते. महिना संपला की पान फाडत नाही, मागे उलटवते. तर मार्चच्या पानावर होळीच्या आदल्या दिवसाच्या चौकटीत बॉलपेनने लिहिलेलं: मावशींचं नाव, १५००. मे महिन्यातही तसंच. दोन्ही वेळा भाऊ जेवायला उठलेला आणि पैसे काकीने घेतलेले. भावाने नंतर ॲपमधे टाकले, पण काकीने आपल्या सवयीने कालनिर्णयवरही लिहिलेले. तोही एक ग्रिडच म्हणा, फक्त डिलीट नसलेला.

काकाचा फोन आला. रागावला नाही, ते जास्त लागलं. "हे असं कसं झालं रे?" एवढंच. शनिवारी पहाटे निघालो, कुंभार्ली घाट उतरून दुपारी दुकानात. आधी डेटाबेसची फाइल कॉपी करून घेतली आणि कच्ची उघडली. एसक्यूलाइटमधे पुसलेली ओळ लगेच मरत नाही. ती जागा मोकळी आहे अशी नुसती खूण होते, आणि पुढे कधीतरी नवी नोंद तिच्यावर येऊन बसते. नाव इंग्रजीत होतं म्हणून त्या कचऱ्यात डोळ्यांना सापडलं. तारखा या डेटाबेसमधे मजकूर म्हणून साठवल्या जातात, त्यातली मार्चची तारीख मिळाली. मे महिन्याच्या जागेवर कुणाच्यातरी पोह्यांची नोंद बसलेली होती. म्हणजे मी दोन तास बसून अर्धा पुरावा मिळवला, काकीने दोन मिनिटांत पूर्ण.

बॅकअप? होता ना. त्याच लॅपटॉपवर, रोज रात्री आधीचा पुसून नवीन होणारा. हसू नका.

मग दुरुस्तीला लागलो. पहिल्या रात्री मी जे केलं ते सांगायला लाज वाटते पण सांगतो: सीएसएसमधे एक ओळ घालून डिलीटचं बटण अदृश्य केलं. झोपलो. सकाळी भाऊ म्हणतो, "दादा, एडिटमधे खाली एक चौकोन आहे बघ, चेक टू डिलीट." खरंच होता. बटण डोळ्यांआड केल्याने दार बंद होत नाही, नुसता पडदा लागतो. मग सरळ ग्रिडलाच सांगितलं, डिलीटेबल = फॉल्स. त्याने बटणही गेलं, तो चौकोनही गेला, आणि कुणी हाताने पत्ता टाइप केला तरी ग्रिड ऐकत नाही. त्याबरोबर टेबलात कॅस्केडच्या जागी रिस्ट्रिक्ट: नोंदी आहेत तोवर गिऱ्हाईक काढताच येणार नाही.

पण नुसतं काढून भागत नाही. माणसाच्या हातून चुका होणारच, त्या दुरुस्त करायला काहीतरी लागतं. काकाला विचारलं, वहीत चूक झाली तर काय करायचास? "काय करणार? आडवी रेघ मारायची, बाजूला सही करायची." आणि पान फाडलंस तर? काका माझ्याकडे असा बघायला लागला की मी काहीतरी अभद्र बोललो. "वहीचं पान फाडतात होय रे?"

मला जे कळायला हवं होतं ते हे होतं, आणि ते विचारायला मी दिवाळीतच पाच मिनिटं काढायला हवी होती. एडिट आणि डिलीट ही बटणं टेबलाच्या सोयीची आहेत, टेबलावर काय काय करता येतं ते ती दाखवतात. दुकानात काय करायची रीत आहे ते त्यांना कुठून ठाऊक? ते मी सांगायला हवं होतं.

ग्रिडमधे लिंक्स म्हणून एक सोय असते. त्यात छोटं फंक्शन द्यायचं, ते प्रत्येक ओळ हातात घेतं आणि त्या ओळीसाठी बटण बनवून देतं. तिथे 'खोडा' असं बटण केलं. ते दाबलं की वेगळं पान उघडतं. त्यावर मराठीत नाव, तारीख, रक्कम, आणि 'का खोडताय?' अशी रिकामी जागा. ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खोडलेली नोंद ग्रिडमधून जात नाही, आडव्या रेघेसकट तिथेच राहते, कुणी कधी खोडली त्यासह, फक्त बेरजेत धरत नाही. रेघ दाखवायला त्या रकान्याचं रिप्रेझेंट बदललं, एवढंच. एडिटचं बटणही बदललं. एडिटेबलला हो किंवा नाही याऐवजी फंक्शन देता येतं, मग ते ओळीगणिक ठरवतं. नोंद आजची असेल तर दुरुस्तीचं बटण, कालची असेल तर नाही. रात्री रोजमेळ मिळवला की त्यात हात घालायचा नाही, ही आजोबांच्या वेळची शिस्त. कालची चूक आज उलटी नोंद करून सुधारायची.

आणि सगळ्यात लागलेली गोष्ट: असल्या कामासाठी वेब-टू-पायमधे तयार सोय आहे. रेकॉर्ड व्हर्जनिंग. एका ओळीत चालू होते. मग कुठलीही नोंद बदलली की जुनी प्रत वेगळ्या टेबलात जाते, आणि पुसली तरी खरं म्हणजे पुसली जात नाही, चालू नाही अशी खूण होते. फक्त ती ओळ मी लिहायला हवी होती. योगायोगाने आपल्या सरकारनेही १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला अशीच अट घातली: प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, आणि ती बंद करायची सोय असता कामा नये. काकाचं दुकान म्हणजे काही कंपनी नाही. पण नियम त्याला समजावून सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मंग आत्तापरेन्त काय करत होते?"

बाकीची कामं किरकोळ. भाषेची फाइल केली, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी: व्ह्यू म्हणजे 'पहा', सबमिट म्हणजे 'नोंद करा'. एक्सपोर्टची ती बटणं कुणीच दाबत नव्हतं, ती काढली. रकान्यांचा क्रम उलटा केला, कारण काकाच्या वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे, आणि मी इंग्रजी खातेवहीसारखं नेमकं उलट ठेवलं होतं. वर्षभर बिचारा मनातल्या मनात उलटं वाचत होता! शोधताना नाव देवनागरीत टाका की इंग्रजीत, दोन्ही ठिकाणी बघेल असा वेगळा रकाना ठेवला. आणि काकीची एकच मागणी होती: 'जमा' बटण सगळ्यात आधी, मोठं आणि डावीकडे. "गिऱ्हाईक पैसे देऊन समोर उभं राहतं. त्याला दिसायला हवं आपण लिवलं ते." तिच्यासाठी बटणांची जागा उजवीकडून डावीकडे आणली. माझ्या डोळ्यांना ते अजून विचित्र दिसतं.

रविवारी संध्याकाळी काका तीन हजार रुपये आणि कालनिर्णयची ती दोन पानं घेऊन वाडीत गेला. मला म्हणाला, तूही चल. मावशी अंगणात होत्या. काकाने पानं पुढे केली आणि म्हणाला, "वयनी, तुम्ही दिले होते. माझी चूक झाली." मी म्हटलं, चूक माझी आहे, मशीन मी दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. काकाला म्हणाल्या, "पैशाचं काय नाय शेठ. झिलाला फोन करून सांगा." काकाने तिथेच अंगणात उभं राहून मुंबईला फोन लावला, स्पीकरवर. मग चहा झाला.

मावशी पुन्हा यायला लागल्या, लगेच नाही, शिमग्यानंतर. आल्या की काका लॅपटॉप त्यांच्याकडे वळवतो. त्यांना सगळं वाचता येत नाही, पण आकडे कळतात आणि खोडलेली ओळ कळते. एकदा अशाच एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, ही का मारली? काकाने कारण वाचून दाखवलं: 'तेल एक लिटर चुकून दोनदा.' त्यांनी मान हलवली.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा भिंतीवर नवीन कालनिर्णय होतं. काकी अजूनही त्यावर लिहिते. भाऊ तिला म्हणाला, आता कशाला, सगळं ॲपमधे राहतं. ती म्हणाली राहू दे, आणि पेनाचं टोपण तोंडात धरून चौकटीत लिहीत राहिली.